रामताडा

भगवंताचा दम सगळ्या अमरावतीला ठाऊक होता. हुतूतूच्या मैदानात मधली रेघ ओलांडून तो आत शिरला की पलीकडचे गडी धावून धावून दमत, पण याचं "हुतूतू, हुतूतू" काही तुटत नसे. आखाड्याचे वस्ताद उत्तमराव म्हणायचे, "या पोट्ट्याच्या छातीत लोहाराचा भाता हाये."

घर फुलमाळ्याचं. गावाबाहेर विहिरीवरचा लहानसा मळा, त्यात झेंडू, शेवंती आणि कुंपणाच्या कडेनं मोगरा. बाप तो लहान असतानाच गेला होता. आई गंगूबाई पहाटे फुलं तोडायची आणि दिवस वर आला की देवीच्या देवळापुढं हार घेऊन बसायची. लग्न असो, बारसं असो, कुणा साहेबाचा सत्कार असो, हार गंगूबाईचाच. तिची गाठ अशी पक्की की लग्नातल्या ओढाओढीतही हार तुटत नसे.

एकोणीसशे अडतीसच्या थंडीत वऱ्हाडातल्या आखाड्यांचे सामने अमरावतीला भरले. शेवटचा सामना अमरावती आणि अकोल्याचा. दोन्ही बाजूंनी एकेक डाव जिंकला होता आणि तिसऱ्यावर निकाल होता. खेळ तेव्हा साधा होता. बाद झालेला गडी बाहेर बसायचा. आपल्या बाजूनं समोरचा एक गडी मारला की आपला एक उठून पुन्हा आत यायचा. ज्याची बाजू पुरती रिकामी झाली, तो हरला.

तिसऱ्या डावात भगवंतानं अकोल्याची बाजू झाडून काढली. एकामागून एक गडी बाहेर बसले आणि आत उरला एकटा खुशालराव. अकोल्याजवळ मोर्णेकाठी त्याच्या घरची भाजीची वाडी होती. अंगानं फार मोठा नव्हता, पण मनगटं जाड होती.

उत्तमरावांनी आदल्या दिवशीच गंगूबाईला आपल्या नऊ गड्यांसाठी नऊ हार सांगून ठेवले होते. आता एकच गडी उरलेला पाहून त्यांनी तिला हात करून जवळ बोलावलं. ती टोपली डोक्यावर घेऊन गर्दीतून आत आली. लोक बाजूला सरकत ओरडू लागले, "हार आले! हार आले!"

भगवंत तेव्हा चढाईवर होता. त्याला फक्त खुशालरावाला हात लावून परतायचं होतं. तेवढ्यात आरडाओरडा कानावर आला आणि त्यानं आईकडं पाहिलं. एक क्षणच. खुशालरावानं खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला. भगवंत पडला, सरपटला, रेघेकडं हात लांबवला. रेघ वीतभर राहिली असताना त्याचा दम तुटला.

अकोल्याचा एक गडी उठून आत आला. मग त्यानं एक मारला, दुसरा आला. भगवंत बाहेर बसून बघत राहिला. अमरावतीच्या पोरांचे पाय जड झाले होते. ज्यांना मघाशी कुणी हात लावू शकत नव्हतं, ते आपणहून चुकू लागले. बघता बघता अकोल्याची बाजू भरली आणि अमरावतीची रिकामी झाली.

अकोल्याच्या लोकांत एक तरुण मास्तर उभा होता. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी. त्याचं नाव कमलाकांत. घराणं भिक्षुकीचं, पण हा मुंबईला शिकून आला होता आणि अकोल्याच्या हायस्कुलात शिकवत होता. खुशालराव एकटा उरला तेव्हापासून तो टोपी हातात घेऊन ओरडत होता, "रेमोंतादा! रेमोंतादा!" त्याच्या भोवतीच्या पोरांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण ओरडायला शब्द बरा होता. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा अकोल्याची सगळी बाजू तेच ओरडत होती आणि तोवर त्याचा "रामताडा" झाला होता.

अमरावतीच्या बाजूचे लोक पांगू लागले. गंगूबाई टोपली घेऊन उभीच होती. उत्तमराव तिच्याकडं न बघता म्हणाले, "जा बाई घरी. आता कायचे हार."

गंगूबाई घरी गेली नाही. ती मैदान ओलांडून अकोल्याच्या पोरांकडं गेली. पहिला हार तिनं खुशालरावाच्या गळ्यात घातला. तो गोंधळला.

"माय, हे तर तुमच्या गावाचे हार व्हते ना?"

"फुलं आज तोडली. उद्या मातेरं होईन," गंगूबाई म्हणाली. "जो जिंकला त्याच्या गळ्यात गेली पायजेत. मान खाली कर, हात पुरत नाई मले."

तिनं नऊच्या नऊ पोरांना हार घातले आणि रिकामी टोपली घेऊन परत फिरली.

घरी जाताना मायलेक पुढं-मागं चालत होते. पानाच्या ठेल्यापाशी कुणी तरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "खेळ संपाच्या आंधी रांडमुंड बाईनं हार आनला, मंग हार होईन नाई त काय होईन?" बाकीचे हसले.  त्या माणसाला भगवंत काही बोलला नाही. मळ्याच्या वाटेला लागल्यावर आईला बोलला.

"कायले आली व्हती तू तथी? अन् वरून त्यायलेच हार घातले! लोकं बोलतेत ते काई खोटं नाई. तूच आनली हार."

गंगूबाईनं टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि चालत राहिली.

बोलणं तिथं संपायचं, पण गावात ते वाढत गेलं. आठवडी बाजाराला अकोल्याहून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी तो नवा शब्द बरोबर आणला. अकोल्यात तो जिंकल्याचा शब्द होता. अमरावतीत आल्यावर त्याचं तोंड फिरलं. हातातला घास गेला की रामताडा. ठरलेलं लग्न मोडलं की रामताडा. पतंग कटला तरी पोरं ओरडत, "झाला रे भगवंताचा रामताडा!" भगवंतानं आखाड्यात जाणं सोडलं. उत्तमरावांनी दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही.

गंगूबाईचं वेगळंच झालं. लग्नसराई लागली, पण तिच्याकडं वरमालेची वर्दी येईना. देवाला वाहायला कुणी पाच-सात फुलं न्यायचं, तेवढंच. जिच्या पोरीच्या लग्नात, मग नातीच्या बारशातही गंगूबाईनंच हार दिले होते, ती पार्बताबाईसुद्धा समोरून जाताना पदर सावरत म्हणाली, "राग नोको मानू गंगे, सोयऱ्यायले चालत नाई म्हनतात." गंगूबाई म्हणाली, "राग कायचा?" आणि पाण्याचा शिपका मारून हार झाकून ठेवले. संध्याकाळी तसेच टोपलीत घेऊन ती घरी आली आणि गाईपुढं टाकले.

भगवंत ते रोज बघत होता. आपण बोललेलं वाक्य आता सगळं गाव बोलतंय, हे त्याला कळत होतं. आईपाशी जाऊन ते परत घेण्याचं धाडस मात्र होत नव्हतं. तिनं एकदा जरी उलटून विचारलं असतं तर त्याला बोलता आलं असतं. पण ती नेहमीसारखीच भाकरी वाढायची, नेहमीसारखंच विचारायची, "शेवंतीले पानी सोडलं का?"

फुलं तर रोज उमलत होती. शेवटी त्यानं अकोल्याला न्यायचं ठरवलं. पहाटे तोडलेली फुलं ओल्या फडक्यात बांधायची, बडनेऱ्याला गाडी पकडायची आणि दिवस वर येईतो अकोल्याच्या भाजीबाजारात बसायचं. तिथं आपल्याला चेहऱ्यानं कोण ओळखतंय, असं त्याला वाटलं होतं.

पहिले काही दिवस कुणी ओळखलंही नाही. पण शब्द तिथंही होताच. एकदा शेजारची कांदेवाली गिऱ्हाइकाला सांगत होती, "काल कोर्टात त्या वकिलाची केस हरली समजा म्हने, अन् शेवटी असा रामताडा केला का समोरचा पाह्यतच राह्यला." भगवंत मान खाली घालून झेंडू निवडत राहिला.

तेवढ्यात समोर वांग्याची पाटी उतरली आणि कुणीतरी म्हणालं, "अबे भगवंता! तू अथी?"

खुशालराव होता. त्याला झालेला आनंद खरा होता. त्यानं बळेच भगवंताला उठवलं, चहाच्या दुकानात नेलं आणि बसायच्या आत विचारलं, "तुही माय कशी हाये बे? आमच्या घरी तिची लय आठवन निंगते. माही आजी म्हने, परक्या पोराले हार घालनारी बाई मले पाह्यची हाये."

भगवंतानं आधी "बरी हाये" म्हटलं. मग राहवेना. कपबशी तशीच ठेवून त्यानं सगळं सांगितलं. पानठेल्यावरचं बोलणं, थांबलेल्या वर्द्या, गाईपुढं टाकलेले हार. आपण काय बोललो तेही सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की खुशालरावाला पुढं वाकावं लागलं.

ऐकता ऐकता खुशालरावाचं तोंड लाल झालं.

"थांब. म्हंजे तुमच्या गावाचं म्हननं असं का मायनं हार आनला म्हनून तू धरल्या गेला?"

"हो."

"अन् मी? मी काय तथी गवत उपटत व्हतो? अबे, मी धरलं तुले! वळताना तू डावी टाच भुईले टेकवतं. तीनदा चढाई करून गेला तू, तीनही येळ मी तेच पाहून राह्यलो व्हतो. चवथ्यांदा धरलं. माह्या हाताची कातडी निंगाली अन् तुमी म्हनता हारानं केलं!"

भगवंत त्याच्याकडं बघत राहिला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला तो का हरला हे नीट सांगत होतं. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले.

खुशालराव त्याला तसाच कमलाकांत मास्तरांच्या घरी घेऊन गेला. मास्तर शाळेत जायच्या आधी ओसरीवर बसले होते. सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. त्यांचा शब्द बाजारात चालतो याचा आजवर त्यांना अभिमान होता. वर्गात ते मुलांना तो गंमत म्हणून सांगत.

"मुंबईला आमच्या कॉलेजात एक स्पॅनिश पाद्री होते," ते म्हणाले. "फुटबॉल बघताना त्यांचं भान सुटायचं. आमची बाजू मागे पडली की हाताची मूठ करून ओरडायचे, रेमोंतादा. मी अर्थ विचारला, तर म्हणाले, नदीच्या धारेच्या उलट नाव वर चढवणं. पडलेल्यानं पुन्हा उठणं. आमच्या भाषेतला शब्द आहे, असं अभिमानानं सांगायचे. चांगला शब्द आहे हो तो, भगवंतराव. कुणाला हिणवायचा नाही."

"असंन मास्तर," भगवंत शांतपणे म्हणाला. "तिकडं चांगला असंन. पन एकजन वर चढते तवा एकजन खाली येते का नाई? त्याच्यासाठी तुमच्या पाद्र्याकडं काई शब्द व्हता का?"

 मास्तरांनी आत जाऊन पाणी आणलं, स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "माझं चुकलं म्हणत नाही, पण माझ्यामुळं झालं हे खरं. काय करता येईल सांगा."

करायचं काय ते खुशालरावानं सांगितलं. तो मघापासून ओसरीवर येरझारा घालत होता.

उन्हाळा लागायच्या आत अकोल्याचा आखाडा पुन्हा अमरावतीला आला. कप-ढाल काही नाही, नुसता मैत्रीचा सामना. तसा निरोप मास्तरांनी उत्तमरावांना धाडला होता आणि उत्तमराव आनंदानं हो म्हणाले होते. मागचा हिशेब चुकवायला गावही मैदानावर लोटलं. मात्र खुशालरावानं मळ्यावर वेगळा निरोप दिला होता: दोन्ही बाजूंना पुरतील एवढे हार घेऊन यायचं आणि खेळ सुरू व्हायच्या आधी यायचं.

गंगूबाई आधी नाही म्हणाली. "मले कायले पुन्हा नाचवता गावापुढं? मी आपली देवापाशी बरी हाओ." भगवंत तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "चाल माय. टोपली मी घेतो." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठून सुई-दोरा शोधू लागली.

मैदानात टोपली उतरली तशी अमरावतीच्या लोकांत कुजबुज झाली. खुशालराव आपली पोरं घेऊन सरळ तिच्यापुढं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घाल माय. आमी आंधीच घालतो. मंग पाहू कोनाची हार होते ते!"

अकोल्याच्या नऊही पोरांनी हार घालून घेतले. मग खुशालराव अमरावतीच्या बाजूकडं वळला. तिथं सगळे एकमेकांकडं पाहू लागले. उत्तमराव घसा खाकरून म्हणाले, "आमी मागून घालू." कुणी पुढं आलं नाही.

भगवंत आला. भर मैदानात आईपुढं उभा राहून त्यानं मान खाली केली. गंगूबाईचे हात हार धरून तसेच थांबले.

"लोकं काय म्हनतीन?" ती हळूच म्हणाली.

"म्हनू दे. घाल."

तिनं हार घातला. खेळताना चुरगळू नयेत म्हणून सगळ्यांनी हार काढून मैदानाच्या कडेच्या खुंट्यांना अडकवले आणि सामना सुरू झाला.

तो सामना पाहिलेली माणसं पुढं कितीतरी वर्षं सांगायची. सुरुवातीलाच अकोल्यानं झडप घातली. अमरावतीचे गडी भराभर बाहेर बसले आणि यावेळी आत एकटा उरला भगवंत. समोर नऊ जण साखळी करून उभे. तो गेला. दम लांबवत डावीकडं गेला, कोपऱ्यातल्याला चिमटल्यासारखा हात लावला आणि परतताना डावी टाच उचलून निसटला. खुशालरावाची झेप मातीत पडली. पडल्या पडल्याच तो ओरडला, "शाब्बास बे!"

अमरावतीचा एक गडी उठून आत आला. मग दुसरा. मैदानाच्या कडेला अमरावतीच्याच कुणीतरी एकानं आरोळी दिली, "रामताडा!" भगवंताचे पाय एकदम थबकले. पण त्या आरोळीत हिणवणं नव्हतं. दुसऱ्यानं ती उचलली, मग तिसऱ्यानं. चौथा गडी आत आला तेव्हा अख्खं गाव हात वर करून ओरडत होतं, "रामताडा! भगवंता, रामताडा!" कमलाकांत मास्तर अकोल्याच्या बाजूला बसले होते. आज ओरडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते नुसते टोपी काढून उभे राहिले.

पण नदी पुरती चढून जाणं झालं नाही. बाजू भरायला दोन गडी उरले असताना भगवंतालाच पुन्हा पकडलं. यावेळी एकट्या खुशालरावानं नाही, तिघांनी मिळून. दम तुटेतो तो ओढत राहिला, तिघांना रेघेपर्यंत घेऊन आला आणि तिथं पडला. थोड्या वेळानं अमरावतीची बाजू रिकामी झाली. अकोला जिंकलं.

भगवंत उताणा पडून धापा टाकत होता. खुशालरावानं त्याला हात देऊन उठवलं तेव्हा दोघंही हसत होते. गावातलं कुणी त्याला हिणवलं नाही. उत्तमराव आले, त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, "उद्यापासून आखाड्यात येजो. पोट्ट्यायले चढाई कोन शिकवीन?"

दुसऱ्या दिवशी देवळापुढं पार्बताबाई आली. पाठोपाठ आणखी दोघी. त्यांच्याकडं लग्नं होती.

"गंगे, वरमाला तुह्याच पायजेत," पार्बताबाई म्हणाली. "अकोल्यावाल्यायनं आंधी हार घातले अन् जिंकले. तुह्या हाताले गुन हाये, बाप्पा."

गंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं. "पार्बते, तवा माह्या हाराले अपशकुन व्हता, आता गुन आला का? माह्याच पोरानंही घातला व्हता, तो त हरला. फुलाले काई समजत नाई. किती हाताची वरमाला पायजे ते सांग."

पार्बताबाईनं वरमालेचं माप सांगितलं. गंगूबाईनं दोरा मोजून घेतला.

त्यानंतरच्या पहाटे मायलेक मळ्यात फुलं तोडत होते. वर्द्या पुष्कळ होत्या, म्हणून लवकर लागले होते. दोन वाफे झाल्यावर भगवंताचा हात थांबला.

"माय, त्या दिवशी वाटेत मी तुले जे बोललो..."

"हं."

"ते मी बोलाले नोको व्हतं."

गंगूबाई वाकलेली होती, ती सरळ झाली. कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत म्हणाली, "लोकं बोलले त्याचं काई वाटलं नाई मले. तू बोलला ते लागलं." मग म्हणाली, "पन लेकरू हरलं व्हतं ना माहं. हरलेलं मानूस कोनाले तरी चावतेच."

भगवंताला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही. गंगूबाईनं त्याला रडू दिलं, जवळ जाऊन त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा वाफ्यात वाकली. जरा वेळानं तोही तिच्या शेजारच्या ओळीत वाकला आणि दोघं उन्हं यायच्या आत शेवंती तोडू लागले.